पन्नाशीनंतरचं अंगबळ : प्रस्तावना

नागीण झालेला माणूस पाहिला नाही, असं खानदेशात कुणी भेटणं कठीण. छातीच्या किंवा कमरेच्या एका बाजूला आधी आग आग होते, दोन-तीन दिवसांनी पाण्याने भरलेल्या फोडांची रांग उठते. घरातलं जुनंजाणतं माणूस गेरू उगाळायला बसतं आणि शेजारचं कुणीतरी हळूच सांगून जातं, तोंड-शेपूट मिळू देऊ नका. दोन टोकं मिळाली की माणूस जातो, ही भीती अनेक पिढ्यांची आहे. खरं तर नागीण शरीराच्या एकाच बाजूच्या एका नसेच्या वाटेने पसरते, म्हणून ती टोकं सहसा मिळतच नाहीत. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. पाठीच्या कण्याजवळ, नसांच्या मुळाशी तो दडून राहतो. चाळीस-पन्नास वर्षं आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर पहारा देतात. पन्नाशी उलटली की हा पहारा ढिला पडू लागतो आणि एखाद्या आजारपणात, जागरणात, ताणाच्या दिवसांत विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. त्यावर औषध आहे. फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा गुण अधिक येतो. नेमके तेच तास गेरूत निघून जातात.

प्रस्तावनेची सुरुवात नागिणीने केली, कारण पन्नाशीनंतर शरीराच्या प्रतिकाराचं काय होतं हे तिच्याइतकं उघड दुसरं काही दाखवत नाही. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. पांढऱ्या पेशींपैकी टी पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात. वयात येतानाच ही ग्रंथी आकसायला लागते आणि पन्नाशीपर्यंत तिच्यात चरबी बरीच भरलेली असते. नव्या रोगाला ओळखणाऱ्या ताज्या पेशी त्यामुळे कमी होतात. लस घेतली तरी तरुणाइतका प्रतिसाद मिळत नाही. याच वेळी उलट्या दिशेनेही काही घडत असतं. रक्तात एक मंद, न विझणारा दाह सुरू राहतो. इटलीचे क्लाउदिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली या अवस्थेला वार्धक्यातला दाह असं स्वतंत्र नाव दिलं. मधुमेह, हृदयविकार, सांध्यांची झीज यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. म्हणजे उतारवयात प्रतिकाराचे दोन दोष एकाच वेळी वाढतात. हवं तिथे तो कमी पडतो आणि नको तिथे धुमसत राहतो. एखाद्या चूर्णाने किंवा काढ्याने हा प्रतिकार ‘वाढवू’ म्हणणाऱ्याने, यातल्या कुठल्या दोषावर आपलं औषध चालतं, हे आधी सांगायला हवं.

या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात असं : पन्नाशीनंतर प्रतिकार जपायचा तर मांडीचा स्नायू जपावा लागतो आणि पोटाचा घेर आवरावा लागतो. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते. काम करणारा स्नायू दाह आवरणारी द्रव्यं सोडतो. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांनी २००३ मध्ये अशा द्रव्यांना मायोकाइन हे नाव दिलं. ताप आला, जंतुसंसर्ग झाला, शस्त्रक्रिया झाली की प्रतिकाराच्या पेशींना लागणारी प्रथिनांची सामग्री शरीर स्नायूंतूनच काढून घेतं. ज्याच्या अंगावर स्नायूच नाही तो आठ दिवसांच्या तापाने खाटेला खिळतो आणि मग उठत नाही. अशी आजारपणं आपल्या प्रत्येकाच्या घरात झाली आहेत. त्यांना आपण ‘वय झालं होतं’ म्हणून सोडून दिलं.

हा विषय आज का, हे जळगाव जिल्ह्यातल्या वाचकाला फार समजावून सांगावं लागणार नाही. २०२०च्या मे-जूनमध्ये करोनाने होणाऱ्या मृत्यूंच्या प्रमाणामुळे या जिल्ह्याचं नाव देशभर घेतलं जात होतं. गेलेल्यांत मोठा भाग पन्नाशी ओलांडलेल्यांचा, आणि त्यातही साखर-बीपी असलेल्यांचा होता. पुढच्या वर्षी काळी बुरशी आली आणि आटोक्यात नसलेल्या साखरेची किंमत अनेकांनी डोळा देऊन, जबडा देऊन चुकवली. त्या दोन वर्षांत घरोघर काढे उकळले गेले, हळदीचं दूध प्यायलं गेलं, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. भीतीने केलेल्या त्या धडपडीला मी नावं ठेवणार नाही. पण साथ ओसरल्यावर काढे बंद झाले आणि साखर, पोट, बैठं जगणं होतं तिथेच राहिलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एवढ्या मोठ्या दुःखातून एक साधी गोष्ट तरी गावात रुजायला हवी होती.

या विषयाचा प्रवास जुना आहे. आयुर्वेदाने ओज आणि व्याधिक्षमत्व हे शब्द दिले आणि त्याहून उपयोगी असा एक हिशेब दिला. वाग्भटाने बलवानालाही व्यायाम अर्ध्या शक्तीने करायला सांगितलं आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत डेव्हिड नीमन यांनी मध्यम व्यायामाने सर्दी-खोकला कमी होतो आणि अतोनात श्रमाने वाढू शकतो अशी मांडणी केली. अतिश्रमाबद्दलचा भाग आज वादाचा आहे. मध्यम व्यायामाचा भाग टिकला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी एक हजार दोन प्रौढांवर बारा आठवडे नजर ठेवली, तेव्हा आठवड्यातून पाच किंवा अधिक दिवस व्यायाम करणाऱ्यांचे सर्दी-पडशाचे दिवस बैठ्या लोकांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी भरले. वाग्भट आणि नीमन एकच गोष्ट सांगतात असा दावा मी करणार नाही, त्यांची शरीराची कल्पनाच वेगळी आहे. पण आपल्या धरणगावातल्या साठीच्या माणसाला दोघांचा सल्ला एकाच रस्त्यावर आणून सोडतो.

योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद हे एकेकाळी आपल्या शेजारच्या अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिक्षक होते, ही गोष्ट खानदेशातच फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांकडे ते देशी व्यायाम शिकले आणि मालसरच्या माधवदासजींकडे योग. पुढे उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब किती बदलतो हे त्यांनी यंत्राने मोजलं, क्ष-किरणांखाली पाहिलं. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे त्यांचं नियतकालिक निघालं. परंपरेवर प्रेम करायचं आणि तरीही तिला मोजपट्टी लावायची, ही त्यांची रीत या पुस्तकाने आपली मानली आहे.

आहाराच्या बाजूने पाहिलं तर कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९२०च्या दशकात उंदरांना भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांचं जेवण घालून त्यांची वाढ तपासली. गहू, दूध, डाळ, ताज्या भाज्या असा शीखांचा आहार पहिला आला. मराठ्यांचा आहार शीख आणि पठाण यांच्या खाली आला आणि भातावर चालणारा मद्रासी आहार शेवटी. त्याच प्रयोगशाळेतून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. मराठीत हे ज्ञान घरापर्यंत आणणाऱ्यांत कमला सोहोनींचं नाव आदराने घ्यायला हवं. कडधान्यांच्या प्रथिनांवर संशोधन करणाऱ्या या बाईंनी ‘आहार-गाथा’ लिहिली.

या क्षेत्रात फसगतही झाली आहे. १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये रणजित कुमार चंद्रा यांचा एक अभ्यास आला. वृद्धांना जीवनसत्त्वं आणि खनिजांची एक गोळी रोज दिली तर त्यांचे संसर्गाचे दिवस जवळपास निम्म्याने घटतात, असा त्याचा निष्कर्ष होता. जगभर तो उद्धृत झाला. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो मागे घेतला. मधल्या चोवीस वर्षांत किती गोळ्या खपल्या असतील!

याच्या शेजारी झारखंडचं काम ठेवून पाहा. २०१९ ते २०२२ या काळात अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या गटाने तिथल्या चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना दर महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांची गोळी दिली. ज्यांना हे मिळालं त्यांच्यात नव्या क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरलं. अन्नाने प्रतिकार सुधारतो याचा इतका भक्कम पुरावा दुसरा शोधावा लागेल. आणि तो पुरावा कुठल्या दुर्मीळ फळाचा नाही, पोटभर जेवणाचा आणि डाळीचा आहे.

आज महाराष्ट्रात या विषयावर बोलणारे ढोबळमानाने चार वाटांनी चालतात. एक वाट पदार्थांची : आवळा, गुळवेल, हळद, मेथी, ड्रॅगन फ्रूट, जे त्या वर्षी चालेल ते. दुसरी वेळेची. दिवंगत श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून सुरू झालेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेलेली, दिवसात दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवण्याची शिस्त. या वाटेने अनेकांची पोटं कमी झाली, हे मान्यच करायला हवं. पण पासष्टीची, आधीच वाळलेली बाई दोन जेवणांत पुरेशी प्रथिनं खाऊ शकत नाही. तिला ही वाट मानवणार नाही, आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेवर पाऊल टाकू नये. तिसरी वाट निसर्गोपचाराची, १९४६ मध्ये गांधीजींनी उरुळी कांचनला सुरू केलेल्या आश्रमापासूनची. चौथी दवाखान्याची, जिथे रक्त तपासलं जातं, गोळी मिळते आणि ‘चालत जा’ एवढंच सांगितलं जातं. या पुस्तकाने चारही वाटांचं घेतलं आहे. मात्र प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला आहे : यातून स्नायू टिकतो का?

आता आपलं ताट. मला हा भाग सर्वांत जवळचा आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

दादर ज्वारीत उडीद मिसळून दळलेलं कळण्याचं पीठ ही खानदेशाची फार शहाणी गोष्ट आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं आणि उडदात ते भरपूर. उडदात जे घटक तोकडे ते ज्वारी पुरवते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिनं, तेवढ्याच उडीदडाळीत तेवीस. साठ किलोच्या माणसाला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात आणि उतारवयातल्यांसाठी अनेक तज्ज्ञ साठ ते सत्तर सांगतात. मध्यम भाकरीला साठ ग्रॅम पीठ धरलं तर चार भाकरींतून चोवीस, दोन वाट्या घट्ट वरणातून चौदा-पंधरा, कपभर दुधातून सहा. जमलं की गणित पंचेचाळीसपर्यंत! त्यावर मूठभर शेंगदाणे किंवा वाटीभर मटकी, खाणाऱ्यांच्या घरी अंडं, की झालं. पण जेवण असं राहिलंय कुठे? मुलं पुण्याला, नाशिकला, सुरतेला गेली. घरात दोघंच. दोघांसाठी कुकर कोण लावणार म्हणून सकाळी चहा-टोस्ट, दुपारी पोळी आणि पातळ भाजी, रात्री फोडणीची खिचडी, ज्यात डाळ नावाला. दात गेलेले असले तर पोळी चहात बुडवून. पोट भरतं, साखर वाढते, मांडी वाळते. या सगळ्यावर मिसरीने खिळखिळ्या झालेल्या दातांचीही सावली असते. उतारवयाच्या आहाराविषयी बोलताना दातांचा विषय टाळणारी पुस्तकं मला अपुरी वाटतात.

शेवभाजी, तर्री, पाटोडीचा रस्सा, उडदाचे पापड, बिबडे, ठेचा. यांच्यावाचून खानदेशी माणूस जगणार नाही आणि जगावं असं मी म्हणणारही नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम आहे, एक सपाट चमचा. रोज दोन पापड, लोणचं आणि ठेचा खाणाऱ्याचा चमचा भाजी-वरणाला पोहोचण्याआधीच बराचसा संपलेला असतो. भरिताचंही तसंच. कापसाच्या काड्यांवर भाजलेलं वांगं निर्दोष आहे, सांभाळायचं ते त्यावरचं तेल. आखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि आमरस जरूर खावा, पण आखाजीलाच. उन्हाळाभर दुपारी आमरस-पोळी ही मधुमेह्याला परवडणारी गोष्ट नाही. केळीचा प्रश्न या जिल्ह्यात सतत विचारला जातो. एका मध्यम केळ्यात सुमारे पंचवीस ग्रॅम कर्बोदकं असतात आणि प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. साखर आटोक्यात असलेल्याने अर्धं-एक केळं जेवणाच्या हिशेबात धरून खावं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने पोटॅशियममुळे आधी विचारावं.

आपल्याकडच्या एका उणिवेला ताटात पुरेसं उत्तर नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये मध्यमवयीन पुरुषांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा दोन तृतीयांश पुरुषांत ते कमी निघालं. माळकरी, महानुभाव, जैन घरांतल्या शाकाहाऱ्यांना ते फक्त दूध-दह्यातून मिळतं, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही सर्रास दिली जाणारी गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते आणखी घटतं. पायांना मुंग्या, थकवा, तोल जाणं यांना म्हातारपण समजण्याआधी एक रक्ततपासणी करावी. याज्ञिकांनीच आपल्या लोकांचं आणखी एक लक्षण जगासमोर ठेवलं : हातपाय काटकुळे आणि पोटात चरबी. वजनकाट्यावर असा माणूस सडपातळ ठरतो. म्हणून या पुस्तकात वजनापेक्षा कमरेची दोरी जास्त वेळा येते.

बायकांबद्दल वेगळं लिहायलाच हवं. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसभर वाकून वेचणाऱ्या, संध्याकाळी घरी येऊन सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या पन्नाशीच्या बाईला कुणी ‘व्यायाम कर’ म्हणू लागलं, तर ती रागावेल आणि तिचा राग बरोबर असेल. तिची पहिली गरज वाटीभर वरण आणि तासभर पाठ टेकणं ही आहे. पाळी गेल्यावर हाडं आणि स्नायू झपाट्याने झिजतात आणि नेमक्या त्याच वयात तिच्या ताटात सर्वांत पातळ वरण येतं. घरातल्या पुरुषाने ती जेवेपर्यंत ताटावरून उठू नये, ही सूचना मी आरोग्याची सूचना म्हणूनच करतो. वेचणी संपली की पाठ सरळ करणारे, खांदे मागे नेणारे थोडे व्यायाम तिच्या कामाचे. पण ते नंतर.

व्यायामाच्या बाजूला गावात अजूनही एक गैरसमज घट्ट आहे : ताकदीचे व्यायाम पोरांनी करायचे, म्हाताऱ्यांनी फक्त फिरायचं. १९९० मध्ये बोस्टनला मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलवून घेतलं. त्यांच्या पायांचं बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढलं. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ५५ ते ७९ वयाच्या, आयुष्यभर सायकल चालवणाऱ्या १२५ जणांच्या रक्तात नव्या टी पेशींचं प्रमाण तरुणांच्या जवळपास आढळलं. मुळात तब्येत धड होती म्हणून ते सायकल चालवत राहिले, असंही असू शकतं. तरीही थायमसच्या ऱ्हासाला काहीच इलाज नाही ही समजूत त्या अभ्यासाने हलवली. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस साधी आहे : आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं दम लागेल पण बोलता येईल असं चालणं, दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा. धरणगावात त्याला उन्हाची जोड द्यावी लागते. मेमध्ये जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा चालणं पहाटेच हवं, आणि लघवी वाढवणारी बीपीची गोळी घेणाऱ्यांनी पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यायला हवं. ताकदीसाठी जिम लागत नाही. पाण्याने भरलेली कळशी, घराची पायरी, भिंत आणि खुर्ची पुरते.

लसींबद्दल पुस्तकात स्वतंत्र बोललं आहे, कारण जेवण आणि व्यायाम त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. दरवर्षीची फ्लूची, न्यूमोनियाची आणि आता पन्नाशीनंतर घेता येणारी नागिणीची लस. शेवटची महाग आहे, हेही खरं.

या पुस्तकाने वैद्यकाचा ग्रंथ होण्याचा प्रयत्न केलेला नाही आणि पाककृतींचा संग्रह होण्याचाही नाही. धरणगाव, एरंडोल, अमळनेर, पारोळा, शिरपूर, साक्री इथल्या घरांत जे शिजतं आणि इथल्या हवेत जे करता येतं, तेवढ्याच सामग्रीवर ते उभं आहे. ओट्स, किनोआ, अ‍ॅव्होकाडो त्यात सापडणार नाहीत. वाचकाने ते सलग वाचावं अशी अपेक्षा नाही. ज्याला साखर आहे त्याने तिथून सुरू करावं, जिचे गुडघे दुखतात तिने तिथून. पण सुरू करण्याआधी एक चाचणी घरीच करून घ्या. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या, हात छातीवर बांधा आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसा. घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर वेळ मोजायला सांगा आणि त्याला जवळच उभं करा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले, किंवा हात टेकवल्याशिवाय उठताच आलं नाही, तर आकडा तारखेसह पुस्तकाच्या आतल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा, पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा आणि ताकदीच्या व्यायामाचं प्रकरण पहिलं उघडा.